रात्रभर झोपणारी मुलगी

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात मी नर्स आहे. डोसाच्या, म्हणजे बाळांच्या लसीकरणाच्या दिवशी आमच्याकडे सकाळी नऊपासून गर्दी असते. तो दिवस गणेश चवथीच्या आठवडाभर आधीचा होता. बाहेर पाऊस, व्हरांड्यात छत्र्यांची रांग, आणि प्रत्येकीला बाजार गाठायची घाई.

साडेतीन महिन्यांच्या मुलीला घेऊन सासू-सून आल्या. सुनेचे माहेर सावंतवाडीचे, बाळंतपण तिकडेच झालेले. दुसऱ्या डोसापासून त्या माझ्याकडे येत होत्या, हा तिसरा. सासूबाई आल्या आल्याच म्हणाल्या, "सिस्टर, आमची नात फार गुणी हां. रात्री नऊला झोपते ती पहाटे पाचला उठते. आईला काही त्रास नाही."

आजूबाजूच्या दोन-तीन आया वळून बघायला लागल्या. एकीच्या चेहऱ्यावर तर सरळ हेवा होता.

मी मुलीचे कपडे काढायला लावून तिला काट्यावर ठेवले. 4 किलो 500 ग्रॅम. कार्ड उघडले. जन्माचे वजन 2 किलो 600, सहाव्या आठवड्यात 3 किलो 800, दहाव्या आठवड्यात 4 किलो 300. सहाव्या आठवड्याचा आकडा सावंतवाडीच्या अक्षरात होता, दहाव्याचा माझ्या. आकडा लिहिला होता, पण आलेखावर ठिपका दिला नव्हता. त्या दिवशी वाढ थोडी कमी वाटली होती, हे मला आठवत होते. तिकडचा काटा वेगळा, आपला वेगळा, तेवढा फरक पडणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली होती आणि पुढच्या बाळाला हाक मारली होती.

आता काटा तोच होता. 28 दिवसांत 200 ग्रॅम, म्हणजे दिवसाला सातच. या वयाच्या बाळाचे वजन दिवसाला साधारण वीस ग्रॅम तरी वाढायला हवे. मी पेन घेऊन तिन्ही ठिपके दिले, रेघ ओढली. रेघ हिरव्या पट्ट्यातून सरकत पिवळ्यात उतरली होती. दहाव्या आठवड्याला ठिपका दिला असता, तर वाकायला लागलेली रेघ तेव्हाच दिसली असती.

मी सुनेला आतल्या खोलीत घेतले. दिवसभरात किती वेळा पाजतेस, हे मोजायला लावले. तिने बोटांवर मोजले. पाच. लंगोट किती ओले होतात? चार, कधी पाच. मग हळूहळू सगळे बाहेर आले. सासरी आल्यावर मुलगी रात्री दोनदा-तीनदा उठायची. नवरा हॉटेलात, रात्रपाळी करून येणारा. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला की दोन महिन्यांनंतर रात्रीचे दूध तोडले तरी चालते, रडू दिले की सवय लागते. चार रात्री मुलगी रडली. पाचव्या रात्री दुपट्यात घट्ट गुंडाळल्यावर अंगठा चोखत पडून राहिली. तेव्हापासून ती गुणी झाली.

"पहिल्यांदा छाती दगडासारखी व्हायची," ती म्हणाली. "आता नाही होत. मला वाटले, बरे झाले."

ते बरे नव्हते. छातीत दूध साचून राहिले की शरीर ते बनवणे कमी करते. आठ तासांची रात्र रिकामी गेली की दिवसाचे दूधही आटत जाते. आणि पुरेसे न मिळणारे बाळ दर वेळी रडून मागत नाही. काही बाळे शक्ती वाचवायला झोपतात. सुई टोचल्यावरही ती मुलगी थोडकेच रडली होती. त्याचेही बाहेर कौतुक झाले होते.

मी तिला समोर पाजायला सांगितले. पकड नीट होती, गिळण्याचा आवाज येत होता. तरी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे पाठवले, कारण वजन अडकण्यामागे लघवीतला जंतुसंसर्ग किंवा हृदयाचे दुखणेही असू शकते. तसे काही निघाले नाही. ठरले ते असे: दिवसा दर अडीच-तीन तासांनी दोन्ही बाजूंना पाजायचे, रात्री अकराला आणि तीनला उठवून पाजायचे, दुपटे सैल करायचे, पाणी नको, घुटी नको, आठवड्याने याच काट्यावर वजन.

सासूबाईंना हे पटवणे अवघड गेले. "झोपलेल्या पोराला उठवायचे?" त्यांनी दोनदा विचारले. मी त्यांच्यासमोर कार्ड धरले आणि बोट रेघेवरून फिरवले. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अकराचे मी उठवीन. तिला तीनचे जमेल."

त्याच दिवशी दुपारी नेमकी उलटी केस आली. दहा महिन्यांचा मुलगा, सव्वानऊ किलो, गुबगुबीत. आई कारखान्यात कामाला, सकाळी सातला निघायची ती संध्याकाळी परतायची. मुलगा दिवसा आजीच्या हातून जेमतेम दोन घास खायचा आणि रात्री पाच वेळा उठून प्यायचा. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. तिने विचारले, "हे बंद करू का?"

वजनाकडे बघून सांगायचे तर त्याला रात्री इतके दूध लागत नव्हते. दिवसभर आई नाही, म्हणून तो दिवसाचे रात्री वसूल करत होता. मी सांगितले, संध्याकाळी घरी आल्या आल्या पाज, मग नाचणीचे सत्त्व, मऊ भात-डाळ, काटे काढलेला मासा दे, आणि मधल्या उठण्यांत छातीला न लावता थोपटून बघ. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पहाटेचे एक राहू दे ना, सिस्टर. तेवढाच तर तो मला मिळतो." ते तोडायला मी का सांगावे? राहू दे म्हटले.

आठवड्याने ती मुलगी आली. 4 किलो 730. सासूबाईंनी छत्री मिटण्याआधीच सांगितले की अकराला उठवायची गरज आता पडत नाही, आपणच उठते, आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी रडते.

सुनेने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "किती दिवस असे?" साधारण सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले, वजन चढत राहिले की एकेक करून कमी करता येईल, असे मी सांगितले. अंगावर पिणारी बरीच मुले त्यानंतरही रात्री एखाददोनदा उठतात, हेही सांगितले. तारीख मात्र दिली नाही. पुढच्या महिन्याच्या ठिपक्याला या, म्हटले, आणि या वेळचा ठिपका तिच्यासमोर दिला.