करंगळी वर!

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हा विषय? संपादक मंडळाने कात्री चालवली तर माझी तक्रार नाही. पण मी इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे आणि माझं निम्मं इंग्रजी याच विषयात खर्ची पडतं.

आपल्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. इतर तासांना करंगळी वर केली की भागायचं. इंग्रजीच्या बाईंना मात्र 'मे आय गो टू द टॉयलेट?' हे अख्खं वाक्य लागे, आणि ते जुळेपर्यंत बाकावर चुळबुळ नुसती! त्या इंग्रजीवर पुढे परीक्षा, मुलाखती सगळं निभावलं. वॉर्डात मात्र ते चालत नाही. चार वर्षांच्या पोराला 'युरिन' कळत नाही आणि 'स्टूल' म्हटलं की ते बसायचं स्टूल शोधतं. तिथे शू म्हणजे 'वी' नाहीतर 'पी', शी म्हणजे 'पू'. पादण्याला 'ट्रम्प' म्हणतात. 2016 नंतर टीव्हीवर बातम्या लागल्या की वॉर्डात खसखस पिकायची.

हे बोलणं पोरांपुरतंच नाही बरं. तिथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, मोठ्यांसाठीच्या माहितीतसुद्धा शक्यतो 'पी' आणि 'पू' असंच लिहिते. वाचताना अडखळणाऱ्यालाही ते कळतं. मला हे मनापासून पटतं.

ब्रिस्टलच्या डॉक्टरांचा शीच्या सात प्रकारांचा तक्ता 1997 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या मुलांसाठी केलेल्या रूपात सशाच्या लेंड्या, द्राक्षांचा घड, मक्याचं कणीस, सॉसेज, चिकन नगेट, लापशी आणि ग्रेव्ही आहे. पोरं चित्रावर बोट ठेवून सांगतात, "आज कणीस!" लेंड्यांवर बोट गेलं की बद्धकोष्ठ, आम्हाला फार विचारावं लागत नाही. (जेवणाच्या सुट्टीत मी ग्रेव्ही घेत नाही.)

शाळेतल्या संडासात जायचं नाही म्हणून दाबून धरणारी मुलं तिथेही येतात. आम्ही मुली तरी काय करत होतो? सकाळपासून पाणी टाळायचो आणि घरी पोहोचेपर्यंत कळ काढायचो. आमच्या तुकडीच्या देणगीतून मुलींसाठी नवी स्वच्छतागृहं होताहेत असं कळलं. दारांना आतून कड्या लावा, पाण्याची टाकी वेगळी ठेवा. पाटीवर काय लिहायचं ते बाईंना विचारा.

– माजी विद्यार्थिनी, दहावी 1988