तुम्ही विचारलंत म्हणून: ताई, तू कुणाच्या बाजूची?

"ताई, गेम तुला फुकट मिळतो. मग तो वाईट असला तर तू तसं म्हणणार का?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. कधी लाइव्ह चालू असताना चॅटमध्ये, कधी मेलवर. गेल्या दिवाळीत तर चुलत सासऱ्यांनी फराळाला बसल्यावर विचारला. त्यांचे शब्द वेगळे होते: "म्हणजे तू त्या कंपनीची माणूस, की बघणाऱ्या पोरांची?" मी तेव्हा दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि बोलणं दुसरीकडे वळलं. ते उत्तर अपुरं होतं, हे तेव्हापासून मनात आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

मी कोल्हापुरात राहते. आठवड्यातले पाच दिवस, रात्री साडेनऊ ते बारा, यूट्यूबवर मराठीत गेम खेळते. गोळीबाराचे मोठे गेम खेळणारे पुष्कळ आहेत. मी कथेचे गेम घेते, बहुतेक दोन-चार माणसांनी मिळून बनवलेले. एका वेळी दीड-दोनशे जण बघत असतात. पडद्यावर इंग्रजी संवाद आला की मी थांबते आणि तो मराठीत सांगते. कितीतरी जण त्यासाठीच येतात. रात्रपाळीचा एक सुरक्षारक्षक आहे, नर्सिंग शिकणाऱ्या दोन मैत्रिणी आहेत, एसटीतून निवृत्त झालेले चिपळूणचे एक काका आहेत. काकांनी आयुष्यात स्वतः एकही गेम खेळलेला नाही, पण गोष्ट अर्धी राहिली की दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी हजर.

फुकट गेमचं सांगायचं तर त्यात गुपित काहीच नाही. गेम बाजारात येण्याआधी बनवणारे स्ट्रीमर्सना, म्हणजे माझ्यासारख्या लाइव्ह खेळून दाखवणाऱ्यांना, की पाठवतात. की म्हणजे पंधरा अक्षर-आकड्यांची एक ओळ. ती स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात टाकली की गेम आपल्या खात्यात येतो. सोबत एक पत्र असतं: अमुक तारखेआधी दाखवू नका, शेवट उघड करू नका. असा गेम असेल तर मी सुरुवातीलाच सांगते आणि पडद्याच्या कोपऱ्यात तसं लिहून ठेवते. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी नियम केले, त्यातही हेच आहे: पैसेच नव्हे, फुकट मिळालेली वस्तूसुद्धा उघड सांगायची. पण नियम नसता तरी मी सांगितलं असतं. समोरचा माणूस माझ्या शब्दावर चारशे रुपये खर्च करणार असतो, आणि आमच्याकडे बघणाऱ्यांपैकी अनेकांसाठी चारशे रुपये म्हणजे महिन्याचा रिचार्ज.

त्यामुळे वाईट बोलता येतं का, हा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. येतं. मी बोलतेही. अवघड आहे ते त्यानंतरचं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मोबाइलवरचा एक छोटा गेम मी खेळायला घेतला. दोघांनी मिळून बनवलेला, प्ले स्टोअरवर फुकट. दिवसभर घरात आजारपण चाललं होतं, मी थकलेली होते. गेममध्ये एका ठिकाणी सेव्ह झालेलं सगळं पुसलं गेलं. पुन्हा पहिल्यापासून खेळले, पुन्हा तेच. मी चिडले. "असलं अर्धवट काम लोकांपुढे ठेवतातच कशाला?" असं म्हणून चाळिसाव्या मिनिटाला गेम बंद केला आणि दुसरा लावला. चॅटला जोर चढला. सकाळी त्या गेमच्या पानावर साठेक नवे शेरे, सगळे एका ताऱ्याचे. बहुतेकांनी गेम नुसता उतरवून घेऊन शेरा टाकला होता. कित्येकांनी तर माझंच वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं.

दोन दिवसांनी त्या दोघांपैकी एकाचा मेल आला. त्यात तक्रारीचा एक शब्द नव्हता. 'तुमचं स्ट्रीम पाहून चूक सापडली. फोनमधली जागा संपत आली की सेव्ह होत नव्हतं. दुरुस्त करून नवी आवृत्ती टाकली आहे. वेळ मिळाला तर बघा,' एवढंच. तो मेल मी कितीदा वाचला असेन. त्या रात्री लाइव्ह आल्यावर गेमला हात न लावता आधी तोच मेल वाचून दाखवला. सांगितलं, चूक खरी होती, ती मी पुन्हाही दाखवेन. पण ज्यांनी खेळल्याशिवाय तारे दिले त्यांनी ते काढा, आणि मी जे वाक्य बोलले ते मी परत घेते. काहींनी काढले. सगळ्यांनी नाही.

त्या रात्री मला एक गोष्ट कळली. मी घरात, एका टेबलाशी बसून चिडते. पण माझं चिडणं तिथे राहत नाही. दोनशे माणसं ते उचलतात, माझ्या प्रेमापोटी उचलतात, आणि कुणाच्या तरी दारात नेऊन टाकतात. म्हणून आता मी गेमच्या चुकीवर हवं तेवढं बोलते, पण तो बनवणाऱ्यांच्या नीयतीवर बोलत नाही. आणि शेरा लिहायचा तर आधी तासभर खेळायचं, हा आमच्याकडचा नियम आहे. चॅटवर लक्ष ठेवणारे आमचे दोन मॉडरेटर तो माझ्यापेक्षा कडकपणे पाळतात.

आता दुसरी बाजू, जी बघणाऱ्यांना सहसा दिसत नाही. स्ट्रीममुळे गेम विकला जातो, हे आपण धरूनच चालतो. तसं होतंही. 'अमंग अस' हा गेम जून २०१८ मध्ये आला आणि जवळजवळ दोन वर्षं त्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये स्ट्रीमर्सनी तो उचलला आणि जगभर घरोघरी पोहोचवला. तो बनवणाऱ्या इनरस्लॉथ कंपनीच्या मोजक्या माणसांनी दुसरा भाग जाहीर केला होता. तो त्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केला, आणि आहे तोच गेम सुधारायचं ठरवलं. मित्रांबरोबर खेळायचा गेम आहे तो. दुसऱ्याला खेळताना पाहिलं की आपल्यालाही खेळावासा वाटतो.

पण 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर'चं काय झालं? रायन आणि एमी ग्रीन या दांपत्याचा मुलगा जोएल. वयाच्या पहिल्या वर्षी त्याला कॅन्सर झाला आणि २०१४ मध्ये, पाच वर्षांचा असताना, तो गेला. त्याच्या आजारपणाचा तो गेम, जानेवारी २०१६ मध्ये आलेला. दोन तासांत संपतो आणि त्यात जिंकण्या-हरण्यासारखं काही नाही. अनेकांनी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून व्हिडिओ टाकले, आणि लाखो लोकांनी ते पाहिले. दोनेक महिन्यांनी बनवणाऱ्यांनी लिहिलं की विक्रीतून त्यांच्या हाती अजून एक डॉलरही आलेला नाही. बघणाऱ्यांना गोष्ट कळली होती, ते रडलेही होते. मग विकत कशाला घेतील? त्यांनी व्हिडिओ करू नका असं म्हटलं नाही. थोडं दाखवा, त्यावर बोला आणि लोकांना गेमकडे पाठवा, एवढीच विनंती केली.

हे वाचल्यापासून मी एक ठरवलं आहे. तीन तासांच्या आतला कथेचा गेम असेल तर खेळण्याआधी बनवणाऱ्यांना विचारते, कुठपर्यंत दाखवू? बहुतेक जण दोन दिवसांत उत्तर देतात, आणि कुणीतरी विचारलं याचंच त्यांना आश्चर्य वाटतं. त्यांनी सांगितलेल्या जागी मी थांबते. चॅट रागावतं. "ताई, आम्ही काय चोर आहोत का?" असं एकाने लिहिलं होतं. त्याचा राग मला कळतो. त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही, तो गेम तो कधीच विकत घेणार नव्हता, आणि मी थांबले की त्याच्यापुरती गोष्ट कायमची अर्धी. या पेचाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. अशा वेळी बनवणाऱ्यांनाच विचारते की महिन्या-दोन महिन्यांनी उरलेला भाग दाखवू का. बरेच जण हो म्हणतात. काही नाही म्हणतात, तेव्हा काका मला चार दिवस 'आलो' सुद्धा लिहीत नाहीत.

आणि नाही म्हणायचा त्यांना हक्क आहे. आम्ही जे दाखवतो ते दुसऱ्याचं काम आहे, त्यांच्या परवानगीवर चाललेलं. सप्टेंबर २०१७ मध्ये एका फार मोठ्या यूट्यूबरने लाइव्हमध्ये वर्णद्वेषी शिवी दिली, तेव्हा 'फायरवॉच' बनवणाऱ्या कॅम्पो सान्टोने कॉपीराइटचा आधार घेऊन त्याच्या चॅनेलवरचा आपल्या गेमचा व्हिडिओ काढायला लावला. ते वाजवी होतं की नाही यावर तेव्हा खूप वाद झाले. मला ते योग्य वाटलं. आपलं काम कुणाच्या तोंडून लोकांपर्यंत जातं, याची काळजी बनवणाऱ्याला असणारच.

उलटही होतं, बनवणाऱ्यांची बाजू बघणारेच घेतात. 'राजी' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून पैसे गोळा करायच्या संकेतस्थळावर त्यांना हवे तेवढे पैसे जमले नाहीत, तरी त्यांनी तो २०२० मध्ये बाजारात आणलाच, आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. आमच्याकडे तो लावला तेव्हा चॅटमधून बजावणी आली, "आपल्या पुण्याचा आहे, वाईट बोलायचं नाही." मी बोलले. देवळं, हवेल्या, भिंतींवरची चित्रं पाहून माझा ऊर भरून आला होता, तेही बोलले. आणि गोष्ट ऐन रंगात आल्यावर संपते, मला ती अपुरी वाटली, हेही. आपलं म्हणून हातचं राखून बोलणं हा त्या माणसांच्या मेहनतीचा मान नव्हे.

बघणाऱ्यांबद्दल बोलायचं तर 'ताई' या शब्दापासून सुरुवात करावी लागेल. तो मी मागितला नव्हता, चॅटनेच दिला. मराठीत ताई म्हटलं की नुसतं नाव राहत नाही, त्यामागून हक्क येतो. "ताई, आज आवाज बसलाय, गरम पाणी पी." "ताई, बारावीला किती पडले विचार ना." त्यांना माझ्या घरातला कुकर कितीला शिट्टी देतो तेही माहीत आहे. मला त्यांचं काय माहीत? वाघाचं चित्र आणि एक टोपणनाव. हॉर्टन आणि वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्ये टीव्ही बघणाऱ्यांबद्दल हेच लिहिलं होतं: समोरचा आपल्याशीच बोलतो आहे असं वाटतं, पण नातं एका बाजूचंच असतं. आमच्याकडे तर मी खरोखर नाव घेऊन उत्तर देते. मग तो भास किती घट्ट होत असेल!

एका मुलाने एका महिन्यात साडेतीन हजार रुपयांचे सुपरचॅट, म्हणजे पैसे देऊन चॅटमध्ये टाकायचे संदेश, पाठवले. प्रत्येक वेळी मी नाव घेऊन आभार मानले. पुढच्या महिन्यात त्याच्या वडिलांचा मेल आला. फोन त्यांचा होता, पैसे त्यांचे होते, मुलगा आठवीत. कर आणि प्लॅटफॉर्मचा ३० टक्के वाटा जाऊन माझ्यापर्यंत त्यातले दोन हजारांच्या आसपास आले होते. मी साडेतीन हजार परत पाठवले. वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, "मॅडम, पुन्हा असं करू नको म्हणून त्याला तुम्हीच सांगा, तो तुमचं ऐकतो." मला आधी त्यांनाच सांगायचं होतं, की त्याला मारू नका. मी सांगितलं. आता रक्कम कितीही मोठी असो, आभार एकदाच मानते. सुपरचॅटला आधी उत्तर मिळत नाही, साध्या प्रश्नालाही त्याच रांगेत मिळतं. त्याने माझं उत्पन्न कमी झालं आणि झोप सुधारली.

पैसे लावून खेळायच्या ॲपांनी मला देऊ केलेल्या रकमा इथे लिहीत नाही. माझ्या वर्षाच्या कमाईहून मोठ्या होत्या. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने ते खेळही बंद झाले आणि त्यांच्या जाहिरातीही. त्याआधी मी नाही म्हणत होते ते या आठवीतल्या मुलामुळे.

तर, कुणाच्या बाजूची? या वर्षीची एक गोष्ट सांगते. परदेशातल्या एका बाईंनी एकटीने बनवलेला गेम आम्ही खेळत होतो. त्या स्वतः स्ट्रीम बघायला येऊन बसल्या होत्या. भाषा कळत नव्हती, पण मी कुठे अडते, चॅट कुठे हसतं, ते टिपून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तुम्ही बोलता ते मराठी गेममध्येच घालता येईल का? मी चॅटला विचारलं आणि पुढचे तीन आठवडे आम्ही दुसरं काही केलं नाही. दाराला आतून लावायच्या लाकडी दांड्याला 'आगळ' म्हणायचं की 'अडसर', यावर पाऊण तास गेला. काकांनी लिहिलं, 'आमच्या जुन्या घराला अजून अडसर आहे, उद्या फोटो पाठवतो.' पाठवला. अडसर ठरला.

मग कळलं की जोडाक्षरंच फुटतात. गेम बनवायच्या अनेक इंजिनांना देवनागरी आपोआप नीट मांडता येत नाही. 'दिवा'मधली वेलांटी भलतीकडे जाते, 'क्ष'चे दोन तुकडे होतात. त्या बाई रोज नवी आवृत्ती पाठवत, नर्सिंगवाल्या दोघी रोज तुटलेल्या शब्दांची यादी करत. बाईंनी त्या यादीसाठी आधी अक्षरं ओळखायला शिकून घेतली.

शेवटी त्यांनी विचारलं, श्रेयनामावलीत 'मराठी' या शब्दापुढे काय लिहू? चॅटने सांगितलं ते मी कळवलं, 'ताई आणि मंडळी'. गेम आला तेव्हा त्यातल्या 'आणि'ची वेलांटी ण सोडून पुढे जाऊन पडली होती. काकांच्या आधी त्या बाईंच्याच ते लक्षात आलं.