दहा कुठनं आलं?

२००२ सालचा पावसाळा. पाटण तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर देवळाच्या सभामंडपात आमची वस्तीशाळा भरायची. चौदा मुलं, चार इयत्ता, एक फळा आणि बारावी पास झालेली मी. त्या दिवशी तिसरीची वजाबाकी चालली होती, बावन्न वजा सत्तावीस. दोनातून सात जात नाहीत म्हणून पाचाकडून एक उसना घ्यायचा, दोनाचे झाले बारा, असं मी शाळेत शिकले होते तसंच फळ्यावर करून दाखवलं. एक पोरगं उठलं आणि म्हणालं, "बाई, एक घेतला तर दोनाचं तीन व्हायला पायजेत. ह्ये दहा कुठनं आलं?"

मला सांगता आलं नाही. गणित मला सोडवता येत होतं, पण ते तसं का सोडवायचं हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी आवाज चढवला, "सांगितलंय तसं कर." ते खाली बसलं. पुढे वर्षभर त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. इतका नेमका प्रश्न मला नंतरच्या वीस-बावीस वर्षांत फार थोड्या मुलांनी विचारला असेल. आज तो मुंबईत माथाडी कामगार आहे. गावच्या जत्रेला भेटला की "बाई" म्हणून वाकून नमस्कार करतो, आणि मला तो सभामंडप आठवतो.

माझी निवड ग्रामशिक्षण समितीनं केली होती. जवळ शाळा नव्हती, डी.एड., म्हणजे शिक्षकाची पदविका, झालेलं कुणी डोंगर चढून यायला तयार नव्हतं, आणि वाड्यावर बारावीपर्यंत शिकलेली मी एकटीच होते. मानधन महिना हजार रुपये. मी नसते तर ती चौदा मुलं जनावरांमागं गेली असती, हे खरं आहे. आणि मी होते म्हणून त्यांच्यातल्या काहींचं गणित कच्चं राहिलं, हेही तितकंच खरं आहे. आमच्यातले बरेच जण पहिलं वाक्य मोठ्यानं बोलतात आणि दुसरं गिळतात. म्हणून हे लिहिते आहे.

शिकवायचं कसं हे मला कळलं ते पत्रद्वारा डी.एड. करताना. सुट्टीत संपर्क वर्ग असायचे. तिथं एका मॅडमनी खराट्याच्या काड्या टेबलावर ठेवल्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. "आता यातून सत्तावीस द्या मला." मी एका गठ्ठ्याचा दोरा सोडला आणि हात तिथंच थांबला. उसना 'एक' म्हणजे एक गठ्ठा होता. दहा काड्या त्याच्या आतच होत्या. तिशीच्या उंबरठ्यावर, दोन मुलांची आई असताना मला बावन्न वजा सत्तावीस समजलं. घरी येताना एसटीत मी रडले.

कायद्यानं तोवर वळण घेतलं होतं. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम २३ प्रमाणे शिक्षकाची किमान अर्हता राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद ठरवते, आणि परिषदेनं २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेत पदविकेबरोबर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही घातली. जे आधीपासून अर्हतेशिवाय शिकवत होते त्यांना पाच वर्षांची मुदत मिळाली. ती पुरली नाही, म्हणून २०१७ मध्ये कायदा दुरुस्त करून ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढवली आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयामार्फत अठरा महिन्यांचा डी.एल.एड. हा पदविका अभ्यासक्रम काढला. त्याला देशभरातून दहा लाखांहून जास्त शिक्षकांनी नावं नोंदवली. एवढी माणसं वर्गावर आधी उभी राहिली आणि शिकवायला मागाहून शिकली. आम्हा वस्तीशाळावाल्यांना आधी निमशिक्षक केलं आणि २०१४ मध्ये नियमित प्राथमिक शिक्षक म्हणून घेतलं. ऑर्डर हातात आली तेव्हा मी ती देवाजवळ ठेवली होती.

आणि आता १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांना नोकरी आहे, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. माझी तेरा वर्षं उरलीत. शिक्षकांच्या ग्रुपवर संताप आहे, आणि तो मला समजतो. पंचवीस वर्षं राबवून घेतल्यावर परीक्षा घेतात, हे काळजाला लागतं. पण अर्हतेचा नियमच चुकीचा आहे, असं जेव्हा कुणी लिहितं तेव्हा माझ्याकडून त्याला लाइक दिलं जात नाही. मला ते पोरगं दिसतं. माझं भांडण नियमाशी नाही, तो लावण्याच्या वेळेशी आहे. दीडशे प्रश्न, अडीच तास, साठ टक्के, हे मला २००१ मध्ये हवं होतं, सभामंडपात पाय ठेवायच्या आधी.

आणि नेमकी हीच गोष्ट आपण पुन्हा करतो आहोत. शेजारच्या वहिनींची मुलगी, बी.ए. झालेली, सरकारच्या युवा प्रशिक्षण योजनेतून एका शाळेत गेली. महिना दहा हजार विद्यावेतन, मुदत मोजक्या महिन्यांची. काम शिकायला म्हणून गेली, आणि दुसऱ्या आठवड्यात तिच्याकडे पहिली-दुसरीचे वर्ग आले, कारण गुरुजी कमी होते. मुख्याध्यापकांनाही मी एकट्यांना दोष देत नाही, त्यांच्यापुढं दोन रिकामे वर्ग होते. पण पहिली! शाळेतल्या सगळ्यात अनुभवी माणसाकडे जो वर्ग असायला हवा, तो सगळ्यात नव्या मुलीकडे दिला. मूल अक्षर पहिल्यांदा पाहतं ते तिथं, घरची बोली आणि पुस्तकातली भाषा एकमेकींना भेटतात त्याही तिथंच.

माझं एवढंच मागणं आहे. पदविका नसलेल्या माणसाला घ्यायची वेळ आलीच, तर त्याला वर्गावर एकटं सोडू नका. निदान दोन महिने त्यानं चांगल्या शिक्षकाच्या वर्गात मागं बसून बघावं, मग त्याच्या देखत शिकवावं. पहिली-दुसरी त्याच्याकडे देऊच नका. पदविकेचा खर्च त्याच दिवसापासून सरकारनं उचलावा, आणि मुदत संपली की "तुमचा कोर्स कुठंय?" असं त्या माणसाच्या आधी सरकारला विचारावं. मुलांच्या पालकांना हे सांगावंही, की या बाई अजून शिकताहेत. वाड्यावरच्या आयांना मी बारावी पास आहे एवढंच माहीत होतं, आणि त्यांना ते पुष्कळ वाटायचं.

रात्री जेवणं झाली की मी टीईटीसाठी बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडते. मुलगा पेपर सोडवून घेतो, वेळ लावतो. आता रविवारी दुपारी शेजारची पोरगीही येते. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काकी, उसना घ्यायचं पोरांना कसं सांगू? मला येतं, पण सांगता येत नाही."

मी खराट्याच्या काड्या काढल्या आणि तिला मोजायला बसवलं.