सहीनंतर बदललेली फाइल

गुरुवारी सकाळी ग्राहकाच्या चाचणी टीमचा निरोप आला, "ॲप उघडतंय आणि लगेच बंद होतंय." सोबतच्या क्रॅश रिपोर्टमध्ये कारण होतं 'कोडसायनिंग, इनव्हॅलिड पेज'. म्हणजे आमचा कोड कोसळला नव्हता. बायनरीवरची, म्हणजे चालणाऱ्या फाइलवरची, डिजिटल सही आतल्या बाइट्सशी जुळेना म्हणून मॅकओएसनेच प्रोसेस मारली होती.

बिल्ड फोल्डरमधल्या ॲपवर 'कोडसाइन' या सही करणाऱ्या आणि तपासणाऱ्या ॲपलच्या टूलचं व्हेरिफाय चालवलं, सही चोख. पॅकेजमधल्या प्रतीवर चालवलं, सही अवैध. दोन्हींच्या मधे होती फक्त सीमेकची, म्हणजे आमचं बिल्ड सांभाळणाऱ्या साधनाची, इन्स्टॉल पायरी.

इन्स्टॉल म्हणजे नुसती कॉपी, असं आमच्यातल्याही बऱ्याच जणांना वाटतं. बिल्डमधल्या बायनरीत लायब्ररी शोधायचे पत्ते, म्हणजे आरपाथ, बिल्ड मशीनवरचे असतात. इन्स्टॉल करताना सीमेक 'इन्स्टॉल-नेम-टूल' ही ॲपलची आज्ञा चालवून हे पत्ते बदलतं. स्ट्रिप मागितलं असेल तर सिम्बॉलही, म्हणजे फाइलमधली फंक्शन वगैरेंची नावं, काढतं. आम्ही सही करत होतो बायनरी जोडून (लिंकिंग) झाल्याझाल्या, पोस्ट-बिल्डमध्ये, म्हणजे या बदलांच्या आधीच. तीन वर्षं निभावलं, कारण बिल्डमध्येच अंतिम आरपाथ घालायचा पर्याय चालू होता आणि नंतर बदलायला काही उरत नव्हतं. आदल्या आठवड्यात एका सहकाऱ्याने तो बंद केला, बिल्ड फोल्डरमधून टेस्ट चालाव्यात म्हणून. त्याला मी दोष देत नाही. सही त्या एका ओळीवर उभी आहे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची: 'या बदलाने सही अवैध होईल' असा इशारा तेव्हापासून प्रत्येक बिल्डच्या लॉगमध्ये होता, आणि लॉग कुणी वाचत नाही. शिवाय चाचणीच्या बिल्डला आम्ही नोटरायझेशन, म्हणजे ॲपलकडून होणारी तपासणी, गाळतो. नाहीतर ॲपलच्या सर्व्हरनेच ते परत पाठवलं असतं.

मग सही इन्स्टॉलमध्ये हलवली, मूळ फोल्डरच्या सीमेकलिस्ट्स या सूचनांच्या फाइलच्या अगदी शेवटी. बिल्ड हिरवं, पॅकेज तसंच मोडकं! दोन तास यात गेले. आमच्या प्रकल्पात सीमेकची किमान आवृत्ती ३.१० लिहिलेली, म्हणून सीमेक तेव्हाच्याच पद्धतीने वागत होतं. ३.१४ मध्ये आलेलं सीएमपी००८२ हे इन्स्टॉलचा क्रम ठरवणारं धोरण लागू नसेल, तर मूळ फोल्डरचे इन्स्टॉल नियम आधी चालतात आणि सबडिरेक्टरींचे नंतर, तुम्ही ते कुठेही लिहा. ॲप जागेवर पोहोचण्याआधीच आमची सही चालत होती. कोडसाइन 'अशी फाइल नाही' म्हणत होतं आणि त्याला चालवणारं सीमेकचं एक्झिक्यूट-प्रोसेस ते अपयश गिळत होतं, कारण निकाल तपास असं बजावल्याशिवाय ते थांबतच नाही.

संध्याकाळपर्यंत क्रम लागला. धोरण नवं केलं. इन्स्टॉल प्रिफिक्स, म्हणजे इन्स्टॉल जिथे व्हायचं तो पत्ता, त्याच्या नावाआधीच्या डॉलर चिन्हापुढे उलटी तिरकी रेघ घातली, कारण पॅकेज बनवणारं सीपॅक तो पत्ता ऐनवेळी बदलतं आणि रेघ नसेल तर कॉन्फिगरच्या वेळचा जुना पत्ता तिथे गोठतो. आधी आतली फ्रेमवर्क्स आणि प्लगइन, शेवटी ॲप, अशी आतून बाहेर सही केली. कोडसाइनचा 'डीप' पर्याय वापरून एका फटक्यात नाही. कोडसाइन अपयशी ठरलं तर इन्स्टॉलही तिथेच थांबेल असं केलं. सगळ्यात शेवटी पुन्हा व्हेरिफाय.

आमच्या वरिष्ठांना हे अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, ज्याच्याकडे सहीचं सर्टिफिकेट नाही त्याने साधं इन्स्टॉलही करू नये का? सही सीपॅकच्या प्री-बिल्ड स्क्रिप्टमध्ये न्यावी, जी फक्त पॅकेज बनवताना चालते. मुद्दा बरोबर आहे. पण पॅकेज न करता थेट इन्स्टॉल करून प्रत देणारे दोघे आमच्याच टीममध्ये आहेत. सध्या सर्टिफिकेट नसेल तर ॲड-हॉक, म्हणजे कुणाच्याही ओळखीशिवायची, सही होते आणि लॉगच्या शेवटच्या ओळीत तसं छापून येतं. शेवटची ओळ तरी वाचली जाईल, अशी आशा आहे.