स्पीकर बंद केल्यानंतर

माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची, पण गेली कित्येक वर्षे माझी खुर्ची शस्त्रक्रियागृहात असते. पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत इलेक्ट्रोड उतरत असताना पेशींच्या आवाजावरून सबथॅलॅमिक न्यूक्लिअसची, म्हणजे थरथर थांबवण्यासाठी जिथे विजेची स्पंदने द्यायची त्या खोलवरच्या छोट्या पेशीपुंजाची, हद्द सांगणे हे माझे काम, आणि रुग्ण तेव्हा बहुतेकदा जागा असतो.

त्या दिवशी सुरुवातीलाच स्पीकरवर घरच्या विजेचीच, ५० हर्ट्‌झची घरघर ऐकू आली. तरुण सहकाऱ्याने लगेच तेवढीच वारंवारता गाळणारा नॉच फिल्टर लावला. त्या बटणाचा मला मनस्वी राग आहे, कारण पेशींचे ठोके आम्ही साधारण ३०० हर्ट्‌झच्या वर ऐकतो आणि तिथे त्या ५० च्या पटीतले ३५०, ४५० हर्ट्‌झचे संनादी तसेच शिल्लक राहतात. त्यात इलेक्ट्रोडच्या टंगस्टनच्या टोकाचा रोध मेगाओहमच्या घरात, त्यामुळे वायर म्हणजे जणू अँटेनाच. एकेक उपकरण बंद करत गेल्यावर सलाइनचा पंप बॅटरीवर घेताच घरघर गेली. 'अर्थिंग उत्तम' अशी सही केलेला कागद मात्र भिंतीवर होताच.

पुढे लक्ष्याच्या दोन मिलिमीटर अलीकडे सेकंदाला ठोक्यांचे पाचेक झुबके असा ठेका सुरू झाला. रुग्णाचा उजवा हातही त्याच लयीत थरथरत होता. हाताने केबल हलत असेल या शंकेने मी हात धरायला सांगितला, तरी ठेका चालूच राहिला. इलेक्ट्रोड अर्धा मिलिमीटर पुढे नेल्यावर मात्र तो विरला. इलेक्ट्रोड किती खोल आहे याच्याशी हलत्या केबलला काय देणेघेणे? ठेका पेशीचाच होता.

आयुष्य लेथवर घालवलेल्या त्या काकांनी विचारले, "साहेब, हा आवाज माझाच का?"

"हो काका, तुमचाच."

"मग बंद करा की तो."

तासाभराने कायमचा इलेक्ट्रोड बसवून विजेची १३० हर्ट्‌झची, ६० मायक्रोसेकंदांची स्पंदने सुरू केली आणि हात स्थिर झाला. काकांनी तो डोळ्यांसमोर धरून उलटसुलट पाहिला आणि विचारले, "आवाज थांबला?"

मी "थांबला" म्हणालो. वस्तुतः ऐकण्याचा सूक्ष्म इलेक्ट्रोड केव्हाच बाहेर काढलेला होता आणि स्पीकर मीच बंद केला होता. तो इलेक्ट्रोड आत असता तरी स्पंदनांच्या दणक्यापुढे आमच्या अ‍ॅम्प्लिफायरला पेशी ऐकूच आली नसती. हात थांबला होता, हे मी पाहिले होते; आत तो ठेका मोडला होता की तसाच चालू राहून फक्त हातापर्यंत पोहोचत नव्हता, हे सांगायला माझ्याकडे त्या वेळी एकही वायर नव्हती.