फाइलमधल्या तारखा

मी सायकियाट्रीत आहे, ही केस अजून डोक्यातून जात नाहीये (तिला विचारूनच लिहितेय, ओळखीचे तपशील बदललेत).

तिशीतली बाई, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून आयसीयूतून आमच्या वॉर्डात आली. निदान डिप्रेशन, गोळ्या बरं वाटलं की बंद करायची. नवरा वैतागून म्हणाला, "मॅडम, चार दिवसांनी बघा, काही झालंच नाही अशी वागेल." माझे कान तिथेच टवकारले, नेहमीचं डिप्रेशन असं चार दिवसांत कुठे पळतंय?

जुन्या फाइलमधून इमर्जन्सीच्या तारखा काढून एका कागदावर लिहिल्या तर मध्ये 28-29 दिवस, नाहीतर त्याच्या दुप्पट. बीपी शुगर सगळं लिहिलेलं, पाळीची तारीख एकाही पानावर नाही! तिच्या मोबाइलमधल्या ॲपशी ताडून पाहिलं, दरवेळी पाळीच्या एक-दोन दिवस आधी. यावेळची पाळी वॉर्डातच आली आणि नंतरच्या राउंडला ही वेणी घालून शेजारच्या आजींना भरवत बसलेली. मला हळूच विचारते, "मी नाटक करत होते का हो?"

नाही बाई, याला पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, पाळीआधी मन फार बिघडण्याचा आजार) म्हणतात, 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात रीतसर आजार म्हणून आहे. हार्मोन्सचे रिपोर्ट नॉर्मलच येतात, ओव्ह्युलेशननंतर (बीजांड बाहेर पडल्यावर) हार्मोन्स जे वरखाली होतात ते या बायकांच्या मेंदूला सोसत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणून "काही नाही, मनाचे खेळ" सांगून घरी पाठवतात ना, तिथे माझं डोकं फिरतं.

पक्कं निदान करायला पाळीच्या दोन सायकल रोजची नोंद लागते, कारण आधीचंच डिप्रेशन पाळीआधी वाढतं असंही असतं. हिच्या वहीत पाळीनंतरचा आठवडा अगदी स्वच्छ निघाला. एसएसआरआय, म्हणजे डिप्रेशनवरच्या एका प्रकारच्या गोळ्या, काही जणींना फक्त पाळीआधीच्या दोन आठवड्यांपुरत्या दिल्या तरी चालतात, हिला मात्र रोज ठेवल्या. आणि चांगल्या आठवड्यातच तिला, नवऱ्याला, बहिणीला समोर बसवून ठरवलं की वाईट दिवसांत बहीण राहायला येणार, घरातली औषधं बहिणीच्या ताब्यात, आणि मरणाचे विचार आले की वाट न बघता सरळ इमर्जन्सीत यायचं.

परवा फॉलोअपला आली. तो आठवडा अजून वाईटच जातो म्हणाली, पण गोळ्या सोडलेल्या नाहीत. पुढच्या वेळी गायनॅकच्या मॅडमनाही बसवतेय, ड्रॉस्पिरेनॉन हे हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल बोलायचंय.