मंगळवार, दुपारी चार

27 ऑगस्ट 2024. अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. तिच्या 32 संघांना त्या मंगळवारी दुपारी चारच्या आत आपली यादी 90 खेळाडूंवरून 53 वर आणायची होती. मी ओहायोतल्या कोलंबसमध्ये खेळाडूंचे कर आणि हिशेब बघते. वर्षातल्या या एका दिवशी आमच्या ऑफिसात कुणाचाच डबा वेळेवर उघडत नाही.

साडेअकराला आमच्या एका खेळाडूचा फोन आला. "मॅम, टॅबलेट परत घेतला." संघाच्या सगळ्या चाली त्या टॅबलेटमध्ये असतात. तो काढून घेतला म्हणजे नोकरी गेली.

व्हिडिओ लावला तर तो गाडीतच बसलेला. मागच्या सीटवर कचऱ्याची काळी पिशवी, तिच्यातून एका बुटाचं टोक बाहेर आलेलं. लॉकरमधलं सामान तिच्यातच भरून आणलं होतं. 28 वर्षांचा, सहा हंगाम आघाडीच्या फळीत उभा राहून दुसऱ्याचे धक्के अंगावर घेणारा माणूस. उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी. शेजारी बायको. तिने विचारलं, "करार तर 1 कोटी 80 लाख डॉलरचा होता ना? पेपरात छापून आलं होतं. अजून दोन वर्षं बाकी आहेत, मग ते पैसे कुठे गेले?"

मी करार उघडून तिला आकडे वाचून दाखवले. तीन वर्षांचा करार. सही करतानाचा बोनस 45 लाख डॉलर, पहिल्या वर्षाचा पगार 20 लाख. हमी होती ती एवढ्याचीच. दुसऱ्या वर्षाचे 55 लाख आणि तिसऱ्याचे 60 लाख संघाने ठेवलं तरच मिळणार होते. हातात आले एकूण 65 लाख, तेही कर आणि एजंटचं कमिशन जायच्या आधी.

"मग मार्चमध्येच, बाकीचे संघ खेळाडू घेत असतात तेव्हा, का नाही काढलं?" ती म्हणाली.

खरं दुखणं इथेच आहे. एका संघाला वर्षभरात खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करता येतो, ती पगारमर्यादा. तिच्या हिशेबात सहीचा बोनस कराराच्या वर्षांवर वाटून धरतात, इथे दरवर्षी 15 लाख. खेळाडूला 1 जूनच्या आत काढलं तर उरलेले 30 लाख एकदम चालू वर्षावर पडतात. नंतर काढलं तर यंदा 15 आणि पुढच्या वर्षी 15. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या 55 लाख पगारातले, मार्चमध्ये काढून यंदाच्या मर्यादेत संघाचे 40 लाख वाचले असते, ऑगस्टमध्ये 55 लाख वाचले. शिवाय चार किंवा जास्त हंगाम झालेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या दिवशी यादीत असला, तर त्याला त्या हंगामाच्या उरलेल्या पगारावर हक्क सांगता येतो. म्हणून त्याच्या आधीच कुऱ्हाड पडते. मधले पाच महिने तो संघासाठी घाम गाळत होता आणि तेवढ्यात बाकीच्या संघांतल्या जागा भरून गेल्या.

माझे बाबा कऱ्हाडकडे साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. गाळप बंद झालं की त्यांना रिटेन्शन मिळायचा. रक्कम थोडी, पण पुढच्या हंगामाला तुम्ही आमचे आहात, असं त्यात लिहिलेलं असायचं. कोट्यवधींच्या या खेळात मला तेवढंसुद्धा दिसत नाही, आणि याचा मला दरवर्षी नव्याने राग येतो.

पैसा नाही म्हणावं तर 2024 ची पगारमर्यादा प्रत्येक संघाला 25 कोटी 54 लाख डॉलर होती, आदल्या वर्षीपेक्षा तीन कोटींहून जास्त. बास्केटबॉल आणि बेसबॉलमध्ये बहुतेक करारांना पूर्ण हमी असते. जिथे हाडं सर्वांत जास्त मोडतात, तिथेच ती नाही. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून संघाचा डाव चालवणारा खेळाडू. तसल्या एखाद्याच मोठ्या नावाला ती मिळते. 2022 मध्ये क्लीव्हलंडच्या संघाने क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनला 23 कोटी पूर्ण हमीने दिले. फळीतल्या माणसाला कोण देणार? माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या वर्षी ठेवायचं असेल तर मार्चमध्येच पगाराची हमी द्या, नसेल ठेवायचं तर तेव्हाच मोकळं करा, दुसरीकडे जागा असतात तोवर. चांगले एजंट काही खेळाडूंसाठी असं कलम घालून घेतात. ते लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक करारातच यायला हवं, म्हणजे प्रत्येकाला मिळेल. आत्ताचा सामूहिक करार खेळाडूंनी मार्च 2020 मध्ये 1,019 विरुद्ध 959 मतांनी मान्य केला आणि तो 2030 च्या हंगामापर्यंत चालणार आहे. साठ मतांचं अंतर होतं. पुढच्या वाटाघाटीत हे कलम सगळ्यात वर असावं, असं मी आमच्या प्रत्येक खेळाडूला सांगते.

त्या दोघांना एवढं सगळं सांगितलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "आईच्या घराचा हप्ता निघेल ना?" निघत होता. मी तसं सांगितल्यावर त्याने गाडी सुरू केली.

माझ्यासमोर त्याचा कराचा तक्ता उघडाच होता. ज्या राज्यांत खेळायचं, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी कर भरावा लागतो, म्हणून सामन्यांच्या गावांप्रमाणे कामाचे दिवस मी आधीच भरून ठेवले होते. एकेक ओळ पुसली. चार वाजून गेले होते.

पहिला सामना झाल्यावर, पगाराची हमी द्यावी लागण्याचा दिवस टळल्यावर, एका दुसऱ्या संघाने त्याला घेतलं. सहा हंगामांच्या अनुभवाला ठरलेला किमान पगार, वर्षाला 11 लाख 25 हजार. आठवड्याला 62,500. तक्त्यात मी नव्या राज्याची ओळ घातली आणि आठवड्यांच्या रकान्यात 18 ऐवजी 17 लिहिले.